दगडाची गरम मूठ

मार्लिसच्या दगडाची मूठ गरम करायची टूम कोणी काढली, यावरून आमच्या क्लबात अजून वादावादी होते. ओरिशा म्हणते, तिने. गॉर्डी क्लासेन म्हणतो, त्याने. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी दोघंही तिथे नव्हते. मीच हातमोजे काढून ती मूठ दोन्ही तळव्यांत धरून बसले होते. पण आमच्या गावात फर्नचं, म्हणजे माझं, कोण ऐकतं?

आम्ही चौघी कित्येक वर्षं एका संघातून कर्लिंग खेळतो. मार्लिस ओस्टरटॅग कप्तान, तिच्या खालोखाल मी, मग ओरिशा आणि जॅनिस. वर धरायला मूठ असलेला वीस किलोचा गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचा, त्याच्या पुढ्यात झाडू घाशीत पळायचं, आणि पलीकडच्या टोकाला रंगवलेल्या गोलात तो नेऊन थांबवायचा. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडचा एक हिवाळा काढून दाखवावा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत शेतंच्या शेतं बर्फाखाली गाडलेली, आणि माणसाला माणूस दिसतं ते फक्त क्लबात.

आमच्या खेळाला पंच नसतो. चुकून आपला झाडू सरकत्या दगडाला लागला, तर कोणी पाहिलं असो वा नसो, आपणच हात वर करून सांगायचं, ‘लागला माझा.’ मार्लिसने हे गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलंय. एकदा म्हणे जिल्ह्याचा अंतिम सामना ती असा हात वर करून हरली होती. आणि दुसरी रीत म्हणजे, आता आपण जिंकत नाही हे दिसलं की हरणाऱ्या कप्तानाने हातमोजा काढायचा आणि समोरच्यापुढे हात करायचा. डाव तिथेच मोडायचा. त्यात कमीपणा नसतो. उगाच दुसऱ्याची कॉफी कशाला थंड करा!

गेल्या ऑगस्टात मार्लिसच्या आतड्यात कॅन्सर निघाला. सप्टेंबरात ऑपरेशन झालं, नोव्हेंबरात सलाइनमधून औषध सुरू झालं. दर दुसऱ्या बुधवारी शहरात, सॅस्काटूनच्या इस्पितळात जायचं, अख्खा दिवस मोडायचा. आणि त्या औषधाची तऱ्हा अशी, की ते अंगात गेलं की आठवडाभर गार वस्तूला हात लावायची सोय नाही. लावला की बोटांत विजेचा झटका. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो. आता ही बाई राहते कुठे, तर उणे तिसात. खेळते काय, तर बर्फावर! वर कोणी बसला असेलच, तर भारी मस्करीखोर दिसतो.

मार्लिसचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा शेजारच्या अल्बर्टा प्रांतात तेलाच्या कामावर. मग काय, अख्खा क्लब तिच्या घरात घुसला. ओरिशाने फ्रिजच्या दाराला भट्टीचे जाड हातमोजे दोरीने बांधून टाकले. गॉर्डी रोज सकाळी तिच्या दारातला बर्फ उपसायचा. आणि हा गॉर्डी म्हणजे तिचा जन्माचा प्रतिस्पर्धी बरं का, बर्फावर तिला बघितलं की त्याच्या मिशा फेंदारतात. नवीन पाद्रीबुवांना कोणीतरी सांगितलं की मार्लिसला गार दगड सोसत नाही. तर त्या भल्या माणसाने तिचे दगड उचलून क्लबाच्या स्वयंपाकघरात भट्टीशेजारी नेऊन ठेवले! तापलेला दगड बर्फावर ठेवला मात्र, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत. खेळायच्या बर्फाच्या पट्टीला हे एवढे खळगे. बर्फ राखणारा डेल्बर्ट डोक्याला हात लावून बसला. ‘फादर, मूठ गरम करायची, दगड नाही,’ एवढंच तो म्हणाला. पाद्री होते म्हणून. दुसरं कोणी असतं तर त्याने झाडूच घातला असता.

तर अशी ती मूठ गरम करायची रीत पडली. मार्लिसची पाळी आली की जो जवळ असेल, मग तो आमच्या संघातला असो की समोरच्या, तो तिच्या दगडाची मूठ हातात धरून ऊब द्यायचा. मग ती जाड लोकरी मोजा चढवून दगड सोडायची. औषधाच्या आठवड्यात तेवढंही जमायचं नाही. मग ती काचेमागे घोंगडी पांघरून बसायची आणि तिथून आम्हाला शिव्या घालायची.

इस्पितळात न्यायच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या होत्या. जानेवारीत एका बुधवारी वादळाने रस्ता बंद झाला आणि एक खेप चुकली. पुढच्या खेपेला मी बरोबर होते. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला खणखणीत. म्हणाल्या, ‘एकदा चुकलं, निसर्गापुढे इलाज नाही. पण आता खंड पडू द्यायचा नाही हं. ऑपरेशनमधून मागे राहिलेल्याला उसंत मिळाली की ते डोकं वर काढतं.’ मार्लिस खिडकीबाहेर बघत होती. मी मात्र ते वाक्य गाठीला बांधलं.

फेब्रुवारीत गॉर्डीने मेळ्याचं काढलं. मार्लिसच्या नावाने एक दिवसाचे सामने, सहा गावांतले संघ, दुपारी हॅम आणि पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या. मार्चच्या मध्यावर बर्फ सुटायला लागतो, म्हणून त्या आधीचा शनिवार धरला. तो नेमका तिच्या औषधानंतरचा शनिवार होता, हे मला ठाऊक होतं. गॉर्डी म्हणाला, ‘अगं, तिने कुठे खेळायचंय? पहिला दगड सरकवायचा, टाळ्या घ्यायच्या, काचेमागे बसायचं.’ पण जॅनिसच्या भाचीने रंगवलेल्या पाट्यांवर छापलं काय, तर ‘या आणि मार्लिसशी खेळा’. पेट्रोल पंपापासून पोस्टापर्यंत सगळीकडे त्याच पाट्या. मार्लिस त्या पाटीपुढे उभी राहून बराच वेळ वाचत होती.

‘बदलून घेऊ का?’ मी विचारलं.

‘कशाला? लोक येतायत ना एवढ्या लांबून.’

त्या आधीच्या बुधवारी मी तिला फोन केला. ‘निघालीस का? आज पाळी कोणाची?’

‘ओरिशा नेतेय. बाहेर हॉर्न वाजवतेय बघ ती. ठेवते.’

मी निर्धास्त झाले. आभाळ निळंभोर होतं, रस्ता कोरडा. मनात म्हटलं, चला, आजची खेप बिनघोर.

शनिवारी सकाळी क्लबात पाऊल टाकायला जागा नव्हती. बाहेर गाड्या बर्फाच्या ढिगांवर चढवून लावलेल्या. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास. मार्लिस आली ती खेळायचे बूट घालून, लोकरी मोजे चढवून, गालांवर रंग. गॉर्डीने भाषण ठोकलं, तिने पहिला दगड सरकवला, टाळ्या पडल्या. आणि मग ही बाई काचेमागे जायच्या ऐवजी सरळ आमच्यात येऊन उभी राहिली.

‘काय गं?’ मी म्हटलं.

‘काय म्हणजे? पाटीवर काय लिहिलंय? लोकांना फसवू का?’

‘झेपेल?’

‘गेल्या आठवड्यात तुझा दगड कुठे गेला होता ते आठव, आणि मग मला विचार झेपेल का.’

सगळे हसले. मीही हसले. मला इतका आनंद झाला होता ना, की डोळ्यांना पदर लावायची वेळ आली, म्हणजे आमच्याकडे बाही. पहिला सामना आम्ही जिंकलो. ती सगळे डाव उभी राहिली. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी तिची मूठ धरून ऊब देत होतं. शेजारच्या गावचा एक आडदांड शेतकरी तर त्या मुठीवर तोंडाने वाफ सोडत गुडघ्यांवर बसला होता. जेवताना जॅनिस म्हणाली, ‘औषधाला सरावली वाटतं ती.’ मीही मान डोलावली.

दुपारनंतर गाठ पडली गॉर्डीच्या संघाशी. तो सुटलाच होता. बघता बघता सात-दोनवर पोचला. मार्लिस आणि मी गोलाच्या मागे उभ्या होतो, गॉर्डीची दगड सोडायची पाळी होती. तेवढ्यात मार्लिसला बर्फावर झाडूचा एक केस पडलेला दिसला. असा केस दगडाखाली आला की दगड वाट सोडतो, आम्ही कोणीही तो दिसला की उचलतोच. तिने लोकरी मोजा दातांनी ओढून काढला, खाली वाकली, आणि उघडा तळहात बर्फावर सपाट टेकवून तो केस पुसून काढला. सावकाश. मग तळहात पँटला पुसला आणि झाडू उचलला.

मी मनात दिवस मोजले.

औषधानंतर तिसऱ्या दिवशी? मागच्या खेपेला तिसऱ्या दिवशी या बाईने माझ्या घरी येऊन स्वतःहून नळाची तोटी धरली होती, आणि किंचाळून दोन पावलं मागे उडाली होती. मी स्वतःला समजावलं, असेल, शरीर आहे, एखादा दिवस बरा जातो. पण मन कुठलं ऐकतंय? डाव संपला तशी मी कठड्यावरची बर्फ घातलेल्या पाण्याची बाटली उचलून तिच्यापुढे धरली. तिने घेतली, गटागटा प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘गॉर्डी आज फार माजलाय.’

मी ‘आलेच’ म्हणून सुटले ते थेट स्वयंपाकघरात. ओरिशा त्या डावापुरती बदली खेळाडू देऊन पेरोगी तळायला आली होती.

‘ओरिशा, बुधवारी तिला इस्पितळात तू नेलंस ना?’

‘मी? काहीतरीच काय! तू नेलंस ना? मला म्हणाली, फर्न येतेय, तिची गाडी दारात उभी आहे.’

कढईतल्या पेरोगी करपायला लागल्या तरी ओरिशाचा झारा हवेतच.

‘जॅनिसने नेलं असेल,’ ती म्हणाली.

‘जॅनिस बुधवारी शाळेत शिकवत होती.’

‘मग गॉर्डीची बायको...’

‘ओरिशा, कोणी नेलं नाही तिला. गेलीच नाही ती.’

तिने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. ‘अगं बाई गं,’ एवढंच म्हणाली. सांगते, इतके हात मदतीला असले ना, की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने धरलंय, आणि मधल्या मधे माणूस निसटतं. जानेवारीतली एक खेप गेली, आता ही दुसरी. ‘उसंत मिळाली की डोकं वर काढतं’ हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या कानात घण घालायला लागलं. आणि तिकडे फुगे लावलेत, लोक टाळ्या वाजवतायत, आणि ते सगळं तिच्यासाठी! आम्हीच पाट्या लावल्या होत्या. आम्हीच.

मी परत बर्फावर गेले. मार्लिस गोलात झाडू टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, समोर बघत, आमच्यात बोलायची रीत आहे तशी.

‘मार्लिस, झाडू लागलाय तुझा.’

‘कुठे? कुठल्या दगडाला?’ ती दचकून गोलाकडे बघायला लागली.

‘इथे नाही. बुधवारी.’

तिने झाडू उलटा केला आणि त्याचे केस झटकायला लागली.

‘कोणी पाहिलं नाही म्हणून गप्प बसलीस? तू? बाकीच्यांना शिकवतेस ना, आपलं आपणच सांगायचं म्हणून?’

‘हळू बोल.’

‘हळू बोलायची वेळ बुधवारीच गेली. काय सांगितलंस इस्पितळात फोनवर?’

‘रस्ता बंद आहे म्हटलं.’

‘आभाळ निळं होतं!’

‘त्यांना तिथून कुठे दिसतं?’ ती म्हणाली, आणि एक बारकंसं हसू तिच्या तोंडावर येऊन गेलं. मला तिला फटकावून काढावंसं वाटलं. तिथल्या तिथे, सहा गावांदेखत.

‘फर्न, हे सगळे माझ्यासाठी आलेत. कोणी तर तीन तास गाडी हाकलीय. मी काचेमागे घोंगडी घेऊन बसू? एक खेप पुढे गेली तर काय आभाळ कोसळतंय?’

‘एक नाही, दोन. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंयस तू.’

‘ऐकलंय.’

‘मग?’

तिने मोजा काढला. आपली बोटं डोळ्यांसमोर धरून उघडली, मिटली. ‘आता मधल्या आठवड्यातही बधिर राहतात ही. शर्टाची बटणं लागत नाहीत. डॉक्टर म्हणतात, परत येतीलही, न येतीलही. मला एक दिवस माझी बोटं हवी होती गं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीच. दगड सोडताना तो सुटतोय हे कळायला हवं होतं. एकदा.’

इतके महिने तिला न्यायचं-आणायचं चाललं होतं, सूप दिलं, बर्फ उपसला, आणि बोटांचं कोणी विचारलंच नव्हतं. मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, आणि या सगळ्यावर भीती बसली होती. ती भीती अशी की एप्रिलच्या तपासणीला डॉक्टरीणबाई आम्हाला खोलीत बसवतील आणि आवाज खाली आणतील.

‘मिळाली ना बोटं? आता बस झालं,’ मी म्हटलं. ‘सोमवारी फोन करायचा, आणि पहिली जी तारीख देतील ती घ्यायची.’

‘दोन आठवड्यांनी देतो म्हणालेत. तेव्हा जाईन. आणि पुढच्या शनिवारी डॅल्टन गावच्या लोकांनी खेळायला बोलावलंय. त्यांनीही पाट्या लावल्यात.’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ही थांबायची नाही. पाट्या लागत राहणार, लोक बोलवत राहणार, ही जात राहणार, आणि आम्ही टाळ्या पिटणार. हिला हात पुढे कर म्हणून सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. सात-दोनवर पडलेली, आणि तरी डाव सोडायला तयार नाही.

मी पट्टीभर चालत गेले, दगड सोडायच्या जागेवर गॉर्डी बसला होता तिथे. सगळं सांगितलं. चार वाक्यांत. त्याचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं.

‘मी उपसला बर्फ बुधवारी,’ तो म्हणाला. ‘पडदे ओढलेले होते. मला वाटलं, गेली.’

‘आता काय करायचं ते सांग. ती माझं ऐकत नाही.’

‘माझं तर ती उभ्या जन्मात ऐकली नाही,’ गॉर्डी म्हणाला. मग उठला, बूट घसरवत संपूर्ण पट्टी पार करून मार्लिसपाशी गेला, उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात पुढे केला.

मार्लिसला वाटलं, तो तिला डाव सोडायला सांगतोय. ‘मी डाव सोडलेला नाही, गॉर्डी. अजून दोन डाव आहेत.’

‘मी सोडतोय,’ गॉर्डी म्हणाला.

‘तू जिंकतोयस, मूर्खा! पाच गुणांनी!’

‘हरलो मी. धर हात.’

हे आमच्या क्लबात कोणी कधी पाहिलेलं नाही. जिंकणारा हात पुढे करत नाही, कधीच नाही, अगदी लहान पोरांतसुद्धा नाही. शेजारच्या पट्टीवरचे झाडू थांबले. ओरिशा तोवर स्वयंपाकघरातून एप्रन लावूनच बर्फावर आली होती, तिने तिथल्या कप्तानाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. त्याने आपल्या समोरच्याकडे पाहिलं. दोघांनी मोजे काढले, हात मिळवले, आणि दगड कडेला ढकलायला सुरुवात केली. मग तिसरी पट्टी. मग चौथी. तो मुठीवर वाफ सोडणारा शेतकरी एका गुणाने पुढे होता, शेवटचा दगड त्याच्या हातात. त्यानेही तो कडेला नेऊन ठेवला. डेल्बर्टने काचेमागून एकेक पट्टीचा दिवा मालवायला घेतला.

मार्लिस सगळं बघत होती. आधी तिला कळेना. मग कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आई शप्पथ, तशी नजर तिने नवऱ्याच्या अंत्यविधीतही कोणाकडे टाकली नव्हती.

‘सांगितलंस तू त्यांना.’

‘सांगितलं.’

‘मला कीव नकोय कोणाची!’ ती एवढ्याने ओरडली की काचेमागचे सगळे वळले. ‘घ्या ते दगड! खेळा! हे असलं जिंकणं मला नको!’

गॉर्डीचा हात अजून तसाच पुढे. ‘कीव कसली, म्हातारे?’ तो म्हणाला. ‘तू औषध सोडून खेळणार असशील तर तुझ्याशी कोणी खेळणार नाही. इथे नाही, डॅल्टनला नाही, कुठेच नाही. मी स्वतः फोन करतोय सगळ्यांना. तू औषध घे, मग मी तुला सात-दोनने धुतो की नाही बघ.’

तिने तो हात घेतला नाही. झाडू बर्फावर आपटला. तो घसरत घसरत पार भिंतीला जाऊन थडकला. ती खेळायच्या बुटांवरच बाहेर पडली, उणे पंचविसात, टोपी न घालता. पाद्रीबुवा तिचा कोट घेऊन मागून धावले.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप आली नाही. वाटत होतं, आपण तिचा एकुलता एक चांगला दिवस मोडला. आणि वाटत होतं, तेवढं करूनही ती गेली नाही तर? हट्टाला पेटली तर?

सोमवारी सकाळी मी तिच्या दारात गाडी उभी केली. ओरिशाही आली. गॉर्डी फावडं घेऊन आधीच हजर. आम्ही तिघं पायऱ्यांवर उभे, कोणी बेल दाबायला तयार नाही. शेवटी दारच उघडलं. मार्लिस झोपायच्या कपड्यांत, हातात फोन.

‘उद्या देतायत,’ ती म्हणाली. ‘खरं काय ते सांगितलं मी. रस्ता उघडा होता म्हणून. त्या डॉक्टरीणबाई मला काय काय बोलल्या, विचारू नका.’ मग माझ्याकडे बोट केलं. ‘तू नेशील. पण मी तुझ्याशी बोलणार नाही.’

आणि नाही बोलली. मंगळवारी जाताना सबंध रस्ता नाही. मीच आपली रेडिओवर गव्हाचे भाव ऐकत होते. तिथे गेल्यावर रक्त तपासलं, मी उभीच, आकडे औषधाला चालण्याजोगे आहेत म्हणाले तेव्हा कुठे बसले. सलाइन चढत असताना ती डोळे मिटून पडली. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. ती मधूनमधून बोटं अंगठ्याला लावून बघत होती, एकेक. चाचपून घेत होती, की निरोप देत होती, मला सांगता येणार नाही. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी बाहेर आलो तर झोंबरा वारा. कमरेला पुढचे दोन दिवस औषध सोडत राहणारा छोटा पंप बांधलेला, खांदे पडलेले. मी लोकरी मोजे पुढे केले.

‘घाल.’

तिने मान वळवली. हट्ट तो हट्ट! मला गाडीचं दार उघडू देईना, मी पुढे झाले तर कोपराने मागे सारलं. आणि गेली तरातरा पुढे, आणि उघड्या हाताने धरली दाराची ती लोखंडी कडी.

अशी किंचाळली ती, की पलीकडे बर्फ झाडत असलेला माणूस फावडं टाकून उभा राहिला. हात छातीशी धरून ती जागच्या जागी नाचली. आमच्या गावात ज्या शिव्या फक्त कापणीच्या दिवसांत यंत्र बंद पडल्यावर ऐकू येतात, त्या सगळ्या तिने त्या दाराला दिल्या, मग दार बनवणाऱ्याला, मग गॉर्डीला, मग मला.

आणि मला हसू फुटलं. थांबेचना. हसता हसता रडू कधी लागलं तेही कळलं नाही. कडीचा चटका बसला, म्हणजे औषध आत गेलं होतं. बोटांच्या टोकापर्यंत पोचलं होतं.

‘दात काय काढतेस, गाढवे!’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘मेले मी इथे!’

‘नाही मेलीस,’ मी म्हटलं. तिचा हात ओढून घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून फुंकर घालत राहिले. तिने सोडवून घेतला नाही.

मग ती म्हणाली, ‘गॉर्डीला सांग, त्याचा हात मी घेतलेला नाही. तो डाव चालू आहे.’

‘पुढच्या आठवड्यात बर्फ सुटेल गं क्लबातला.’

‘मग नोव्हेंबरात. सात-दोनपासून पुढे.’ ती नाक ओढत म्हणाली. ‘आता दार उघड, गारठले.’

मी दार उघडलं.